कपडेपटातून शिंप्याच्या दुकानात

'फॅशन' हा शब्द आपल्याकडे अजूनही काहीसे नाक मुरडूनच उच्चारला जातो. फॅशन म्हणजे उधळपट्टी, फॅशन म्हणजे परक्यांची नक्कल, फॅशन म्हणजे कॉलेजातल्या पोरींचे चाळे, असा समज मध्यमवर्गीय घरांत पक्का बसलेला आहे. पण ज्या आज्यांनी तो आपल्या मनात रुजवला, त्यांच्याच नथीचा कल आणि पदराची ठेवण कुठून आली हे शोधू गेले, की मोठी मौज हाती लागते. महाराष्ट्रातल्या पांढरपेशा घरांतील बायकांची एक अख्खी पिढी झोकदार नेसणे शिकली ती एका पुरुषाकडून. त्या पुरुषाचे नाव नारायण श्रीपाद राजहंस. लोक त्यांना बालगंधर्व म्हणत.

बालगंधर्वांच्या गाण्यावर आजवर इतके लिहिले गेले आहे की त्यात भर घालण्याचा अधिकार माझ्यासारखीला नाही. मला त्यांच्याविषयी लिहायचे आहे ते वेगळ्या कारणाने. पाश्चात्त्य देशांत नट किंवा गायिका पुढे कपड्यांची निर्माती झाल्याची उदाहरणे आहेत. फ्रान्समधली गाब्रिएल शानेल ही तरुणपणी मूलॅं गावच्या गाण्याच्या कॅफेत गात असे. 'कोको' हे तिचे नाव त्या गाण्यांवरूनच पडले असे सांगतात. १९१० साली तिने पॅरिसमध्ये टोप्यांचे दुकान काढले आणि पाहता पाहता साऱ्या युरोपातील बायकांचा वेष बदलून टाकला. त्याच्या पुढच्याच वर्षी, १९११ च्या मार्चमध्ये, मुंबईत किर्लोस्कर मंडळीचे 'मानापमान' रंगभूमीवर आले आणि त्यातल्या भामिनीने महाराष्ट्रातील बायकांचा वेष बदलायला घेतला. फरक एवढाच की शानेलबाईंनी दुकान थाटले, आणि आमच्या नारायणरावांनी दुकानदारांची घरे भरली.

बालगंधर्वांवर आम्हां खानदेशकरांचा थोडा हक्क आहे, हेही जाता जाता सांगून टाकते. त्यांच्या बालपणातली काही वर्षे जळगावात गेली आणि गाण्याचे पहिले धडे त्यांनी तिथेच मेहबूबखाँ यांच्याकडे घेतले. जळगावच्या खुल्या नाट्यगृहाला त्यांचे नाव आहे ते उगाच नाही. पुढे १९०५ साली ते किर्लोस्कर मंडळीत गेले, शकुंतला म्हणून उभे राहिले, आणि १९१३ साली गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. रुक्मिणी, देवयानी, रेवती, वसंतसेना या नायिका त्यांनी गाजवल्या. या प्रत्येकीचे शालू, दागिने, अत्तरे यांत त्यांनी जो पैसा ओतला, त्याची गणती कंपनीच्या वहीखात्यांनाही झेपली नाही.

आमच्या शिंदखेड्यात नाटक कंपनी उतरणे शक्यच नव्हते. तापी खोऱ्याच्या रेल्वेवरचे हे लहानसे तालुक्याचे गाव. एका बाजूला दोंडाईच्याचा मिरचीबाजार, दुसऱ्या बाजूला अमळनेरची प्रताप मिल. गावात कपाशीच्या गाड्या येत, पुढाऱ्यांची भाषणे होत, जत्रेच्या दिवसांत तमाशाचे फड लागत. पण संगीत नाटक पाहायचे तर धुळे किंवा जळगाव गाठावे लागे, आणि तिथेही बायकांना कोण नेणार? माझ्या आजीने बालगंधर्वांना आयुष्यात पाहिले नाही. पाहिले होते ते तिच्या अमळनेरच्या नणंदेने, पुण्याला माहेरपणाला गेली असताना. एक प्रयोग तिने पाहिला आणि पुढची वीस वर्षे ती तो आजीला सांगत राहिली. गाणी तिला आठवत नसत. आठवे ते असे, की रुक्मिणीने पदर दोन्ही खांद्यांवरून कसा घेतला होता, निऱ्या किती बारीक होत्या, अंबाड्यात फुले आडवी होती की उभी, नथ ओठावर टेकली होती की जराशी डावीकडे कलली होती. मागच्या रांगेतून तिला नथ कुठून दिसली असेल कोण जाणे, पण आजीचा तिच्यावर पूर्ण विश्वास होता.

आजी लहान वयात विधवा झालेली. नथ, फुले, जरीकाठ यांतले काहीच तिच्या वाट्याला उरले नव्हते. तरी लग्नघरात नवरीला नेसवायला तिलाच बोलावीत. म्हणजे असे, की खोलीच्या आत बसून ती सगळे सांगे आणि दुसरी सवाष्ण बाई तसे करी. तिने स्वतः नवरीला हात लावलेला चालत नसे. "पदर सैल सोड. अजून. खांदा दिसू नये, पण खांदा आहे हे कळावं," असे ती म्हणे. हे वाक्य तिचे की नणंदेचे की आणखी कुणाचे, मला ठाऊक नाही. पण नेसवण्याचे शास्त्र इतक्या थोड्या शब्दांत सांगितलेले मी नंतर कुठल्याही पुस्तकात वाचले नाही.

आता माझा एक तर्क सांगते. पटला नाही तर सोडून द्यावा. पुरुषाला स्त्री दिसायचे असेल तर त्याला आधी काय लपवावे लागेल? रुंद खांदे, दंड, गळ्याची घाटी, सरळ कंबर. पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला की खांद्यांची रुंदी मावळते. पोलक्याची बाही कोपरापर्यंत आणली की दंड झाकतात. गळ्याशी ठुशी आणि तन्मणी आले की घाटीकडे नजर जात नाही. निऱ्यांचा घोळ वाढवला की कंबर बारीक भासते. यांतली एकेक युक्ती म्हणजे आजच्या भाषेत ज्याला 'डिझाइन' म्हणतात तेच. आणि मौज अशी, की पुरुषाचे शरीर लपवण्यासाठी साधलेली ही रचना बायकांनी खानदानी स्त्रीत्वाचा नमुना म्हणून उचलली. राजा रविवर्म्याच्या छापील चित्रांनी देवींना नऊवारी नेसवून वाट थोडी मोकळी केली होती, हे खरे. पण चित्रातली लक्ष्मी चालत नाही, वळत नाही, बसताना ओचा सावरत नाही. ते सगळे बालगंधर्वांनी करून दाखवले.

आणि त्यांची नजर केवळ भरजरीची नव्हती. 'एकच प्याला' या नाटकाचा पहिला प्रयोग १९१९ च्या फेब्रुवारीत झाला. नाटककार गडकरी त्याआधी महिनाभरच वारले होते. दारुड्या सुधाकराची बायको सिंधू त्यात पुढे जात्यावर दळण दळते. शालू नेसणाऱ्या नटाने तिथे फाटके, ठिगळांचे लुगडे नेसले. भारी वस्त्र कुणीही निवडील. फाटके लुगडे कुठे फाटलेले असावे, ठिगळ कोणत्या जागी दिसावे आणि तरीही ते नेसणारी घरंदाज वाटावी, हे ठरवायला वेगळा डोळा लागतो. तो त्यांना होता. कपडेपट सांभाळायला कंपनीत माणसे असत, पण निवड नटाची असे.

१९२१ च्या ८ जुलैला मुंबईत 'संयुक्त मानापमान' झाले. गंधर्व आणि ललितकलादर्श या दोन प्रतिस्पर्धी कंपन्या एका रात्रीपुरत्या एक झाल्या, केशवराव भोसले धैर्यधर झाले आणि बालगंधर्व भामिनी. उत्पन्न टिळक स्वराज्य फंडाला गेले. गांधीजींनी उभारलेल्या त्या फंडात भामिनीच्या रेशमानेही आपला वाटा घातला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे, कारण गांधीजींचा आणि वेषभूषेचा संबंध या लेखात पुन्हा यायचा आहे.

पुढची कथा उताराची. कंपनी कर्जात बुडाली. १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा' रंगभूमीवर आले, त्यात स्त्रियांची कामे स्त्रियांनीच केली, आणि स्त्रीपार्टी नटाचे युग संपल्याची द्वाही फिरली. १९३५ साली प्रभातच्या 'धर्मात्मा' बोलपटात बालगंधर्व एकनाथ झाले. ज्यांनी त्यांना शालूत पाहिले होते त्यांना ते धोतर-उपरण्यात ओळखू आले नाहीत, असे जुनी माणसे सांगत. १९६४ साली सरकारने त्यांना पद्मभूषण दिले, १९६७ साली ते गेले. त्यांनी रूढ केलेल्या नेसणीचा एक पैसाही त्यांना कधी मिळाला नाही, आणि तो मिळायला हवा होता असे त्यांच्याही मनात आले नसावे. तेव्हा त्या कामाला नावच नव्हते.

ते नाव मिळवले कोल्हापूरच्या एका मुलीने.

कोल्हापूर म्हणजे केशवराव भोसल्यांचे गाव आणि नाटकांचे पडदे रंगवता रंगवता सिनेमाकडे वळलेल्या बाबूराव पेंटरांचेही गाव. बाबूरावांच्या चित्रपटांसाठी काम करणाऱ्या चित्रकारांत अण्णासाहेब राजोपाध्ये होते. त्यांची मुलगी भानुमती १९२९ च्या २८ एप्रिलला जन्मली, सात भावंडांतली तिसरी. वडील लवकर गेले. मुलगी मुंबईला जे. जे. कला विद्यालयात शिकली, १९५१ साली तिने सुवर्णपदक मिळवले, आणि १९५३ साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या प्रदर्शनात तिची चित्रे लागली. त्या पुरुषी कंपूच्या प्रदर्शनात ही एकटी बाई. चित्रकार म्हणून तिचे नाव होणार हे उघड दिसत असताना तिने हातात कात्री धरली.

कात्रीपर्यंत ती पोचली तीही मासिकाच्या वाटेने. बायकांच्या इंग्रजी नियतकालिकांतून ती पोशाखांची रेखाचित्रे काढी. 'ईव्ह्ज वीकली'च्या संपादिकेने कपड्यांचे छोटे दुकान काढले तेव्हा कागदावरचे कपडे प्रत्यक्ष शिवून पाहण्याची संधी तिला मिळाली. तिथल्या गिऱ्हाइकांत सिनेनट्या येऊ लागल्या. कामिनी कौशल यांच्यासाठी तिने केलेले कपडे पडद्यावर गेले, आणि १९५६ च्या 'सी. आय. डी.'पासून गुरुदत्तच्या कंपूत तिची जागा पक्की झाली. लग्नानंतर ती भानू अथय्या झाली. 'प्यासा', 'साहिब बीबी और गुलाम', 'गाईड', 'वक्त' ही नावे वाचकांना नव्याने सांगायला नकोत. त्यांतल्या बायकांनी काय नेसले होते ते मात्र एकदा डोळ्यांपुढे आणून पाहावे. 'साहिब बीबी'तल्या धाकट्या सुनेचे ते जुन्या बंगाली हवेलीतले श्रीमंत, गुदमरलेले वेष आणि 'वक्त'मधल्या साधनाचा अंगासरशी बसणारा चुडीदार-कुडता या दोन्ही एकाच बाईच्या हातच्या वस्तू आहेत.

त्यांच्या कामाची पद्धत समजून घ्यायची तर 'आम्रपाली' पाहावा. १९६६ चा हा चित्रपट गल्ल्यावर पडला, पण त्यातली वैजयंतीमाला कुणी विसरले नाही. नायिका बुद्धाच्या काळातली वैशालीची नर्तकी. तिला काय नेसवायचे? अथय्याबाई सरळ अजिंठ्याला गेल्या. इथे पुन्हा आम्हां खानदेशकरांची छाती फुगते, कारण अजिंठ्याला जायचे तर रेल्वेने जळगावला उतरून पुढे जाणे ही जुनी वाट. त्यांच्याच जे. जे. कला विद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी १८७२ पासून तेरा वर्षे ग्रिफिथ्स साहेबाच्या हाताखाली तिथल्या भिंतींवरची चित्रे नकलून घेतली होती. त्यांतल्या पुष्कळशा नकला विलायतेत आगीत जळाल्या. अथय्याबाईंनी भिंतीच वाचल्या. तिथली वस्त्रे शिवलेली कमी आणि गुंडाळलेली अधिक. कमरेचे वस्त्र, उत्तरीय, दागिन्यांनी सावरलेले अंग. ते जसेच्या तसे पडद्यावर आणणे सेन्सॉरच्या आणि कॅमेऱ्याच्याही दृष्टीने अवघड होते, आणि नर्तकीला त्यात नाचायचे होते. म्हणून गुंडाळलेले दिसेल पण सुटणार नाही असे वस्त्र करावे लागले. बालगंधर्वांना शरीर लपवायचे कोडे होते, यांना ते उघडे भासवून झाकायचे. दोघांचीही उत्तरे निऱ्यांतच सापडली.

हाच विचार त्यांनी १९६८ च्या 'ब्रह्मचारी'त पुढे नेला. मुमताजची ती नारिंगी साडी आधीच निऱ्या घालून शिवलेली होती आणि तिला साखळी, म्हणजे झिप, लावलेली होती. हा चित्रपट शिंदखेड्याला आला तेव्हा मी आईबरोबर पाहिला. कनातीच्या आत एका बाजूला बायका, एका बाजूला बाप्ये, खाली वाळू, आणि रीळ बदलताना उठणारी आरडाओरड. साडी शिवलेली आहे ही बातमी कुठून कशी पसरली देव जाणे, पण आमच्या पुढे बसलेली एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "लुगडं कोनी शिवस का व माय!" सगळ्या बायका हसल्या. आई हसली नाही. दुसऱ्या दिवशी शेतावर, कपाशी वेचताना, ती एकदम म्हणाली की चिखलात, काट्यांत नऊ वार सावरत जगणाऱ्या बाईला शिवलेलं लुगडं मिळालं तर बिघडलं काय?

बिघडले नाही, पण मिळालेही नाही. आमच्या गावात सिनेमातून उतरले ते फक्त झंपर. चुडीदार मास्तरणीनेसुद्धा घातला नसता. लुगड्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती, डोक्यावरचा पदर तर जागचा हलणे शक्य नव्हते. पदराखाली मात्र काय आहे ते फारसे कुणी विचारत नसे. म्हणून सगळी हौस झंपराच्या गळ्यात आणि बाहीत शिरली. बाजारपेठेतला शिंपी सिनेमाचा पहिला खेळ चुकवीत नसे. बायका येऊन 'साधनासारखी बाही' सांगत, आणि तो खडूने कागदावर नव्हे, दुकानाच्या फरशीवर बाही काढून दाखवी. त्याने भानू अथय्यांचे नाव ऐकले नव्हते. त्याच्या लेखी ती बाही साधनाची होती, जशी आजीच्या लेखी नथ रुक्मिणीची होती. पडद्यावर नाव येऊनही ते वाचायला कुणी थांबत नसे.

ते नाव जगाने वाचले १९८३ साली. रिचर्ड अॅटनबरोच्या 'गांधी'ची वेषभूषा भानू अथय्यांनी जॉन मोलो यांच्यासह केली होती. १८९३ मधल्या दक्षिण आफ्रिकेतल्या सुटाबुटातल्या बॅरिस्टरापासून १९४८ च्या पंचापर्यंतचा तो प्रवास कपड्यांतूनच सांगायचा होता. एकामागून एक वस्त्र गळत जाते आणि माणूस मोठा होत जातो. भरजरी सिनेमाची सवय असलेल्या हाताने येथे खादीचे पोत निवडले, धुऊन धुऊन विटलेले पांढरे रंग निवडले. सिंधूच्या ठिगळाच्या जातीचे हे काम. ११ एप्रिल १९८३ रोजी लॉस एंजेलिस येथे त्यांना ऑस्कर मिळाले. ऑस्कर मिळवणारी पहिली भारतीय व्यक्ती ही कोल्हापूरची बाई आहे, हे आजही पुष्कळ सुशिक्षितांना सांगावे लागते. पुढे 'लेकिन' आणि 'लगान' यांसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. १५ ऑक्टोबर २०२० रोजी त्या मुंबईत वारल्या.

२०११ साली 'बालगंधर्व' हा मराठी चित्रपट निघाला. सुबोध भावे यांनी नारायणरावांचे काम केले आणि वेषभूषा नीता लुल्ला यांची होती. म्हणजे शंभर वर्षांनी पुन्हा एका पुरुषाला भामिनीचा शालू नेसवायचा होता. खांदे तेच, गळ्याची घाटी तीच, आणि पदराची युक्तीही बहुधा तीच. या वेषभूषेला त्या वर्षीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, 'द डर्टी पिक्चर'च्या निहारिका खान यांच्याबरोबर विभागून. जे काम नारायणराव स्वतः करीत आणि ज्यापायी कर्ज काढीत, त्याच कामाला आता बक्षीस होते, पदक होते, श्रेयनामावलीत स्वतंत्र ओळ होती.

पुरस्कार २०१२ साली दिले गेले. त्याच वर्षाच्या अखेरीस आजारी भानू अथय्यांनी आपले ऑस्कर अमेरिकेतल्या अकादमीकडे परत पाठवले. आपल्यामागे ते नीट सांभाळले जाईल याची त्यांना इथे खात्री वाटत नव्हती.